‘लैंगिक कल’ या विषयाचं सत्र घ्यावं की रद्द करावं? सोलापूरच्या एका मुख्याध्यापिकेला उत्तर

प्रश्न एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचा आहे. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. बरीचशी मुलं यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरची, घरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी असं सगळंच. आठवी ते दहावीसाठी किशोरवयीन आरोग्याचं दोन तासांचं सत्र ठरलं होतं, त्यातली वीस मिनिटं ‘लैंगिक कल आणि आदर’ यासाठी होती, म्हणजे कुणाला कुणाबद्दल ओढ वाटते आणि त्यावरून कुणाला चिडवू नये यासाठी. वेळापत्रकाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, त्याखाली परदेशातल्या निदर्शनांचे व्हिडिओ आले, आणि काही पालक थेट संस्थेच्या संचालकांकडे पोचले. शिक्षकांतही दोन तट पडलेत. बाई विचारतात: कायद्याने हे शिकवावंच लागतं का, पालकांना काय सांगायचं, आणि सत्र रद्द करून टाकणंच शहाणपणाचं नाही का?

मॅडम, रद्द करू नका. पुढं ढकला. रद्द केलंत तर शाळा काहीतरी लपवत होती असा अर्थ निघेल आणि पुढची पाच वर्षं मासिक पाळीवरही बोलणं अवघड होईल. ठरल्या तारखेला रेटून घेतलंत तर त्या दिवशी निम्म्या मुली घरी ठेवल्या जातील. मधल्या दिवसांत जे करायचं, त्याबद्दलच हे उत्तर आहे. मी या शहरातल्या आणि तालुक्यांतल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून अशी सत्रं बरीच वर्षं घेत आलेय, त्यामुळे काही ठिकाणी मत ठामपणे सांगेन. पटलं नाही तर बाजूला ठेवा.

कायद्याचं आधी उरकते. लैंगिक कल वर्गात शिकवलाच पाहिजे असा कायदा नाही. तुमचे एक सहकारी ‘आता कोर्टानेच सांगितलंय’ म्हणतात, ते बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ बाबत निकाल दिला. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध त्या दिवसापासून गुन्हा राहिले नाहीत. निकालाला प्रसिद्धी द्या, पोलीस आणि सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाची जाण द्या असं त्यात आहे, शाळेत धडा घाला असं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, हेही पालकांना आपणहून सांगा. कुणीतरी विचारणारच आहे, आणि आपण सोयीचं तेवढंच सांगतो असं वाटलं की बैठक तिथंच हातची जाते.

मग शाळेला आधार कशाचा? आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय आहेत: भावनिक आरोग्य, नातेसंबंध, लिंगभाव समानता, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, यासाठी प्रशिक्षित व्हावेत अशी योजना आहे. लैंगिक कल असा वेगळा विषय त्या यादीत नाही. पण चिडवणं, नातेसंबंध, भावनिक आरोग्य यावर प्रामाणिकपणे बोलायला बसलं की तो येतोच. शिवाय तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळेला अशा मुलाशी भेदभाव करता येत नाही. यात तुमच्या शाळेला ऐच्छिक काही नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पालकांचं भांडण ज्या धड्याशी चाललंय तो धडा त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. ग्रुपवर फिरतोय तो वेळापत्रकाचा फोटो, त्यातली चार शब्दांची एक ओळ. त्या ओळीत ज्याने त्याने आपापली भीती भरली. एकाला वाटतंय चित्रं दाखवणार, दुसऱ्याला वाटतंय मुलांना ‘तू कोण’ असं विचारणार, तिसऱ्याला यात परदेशी पैसा दिसतोय. अशा वेळी ‘आम्ही काही वाईट शिकवत नाही’ असं शंभरदा म्हटलं तरी उपयोग होत नाही. उपयोग होतो तो एका कागदाचा. वर्गात जे बोललं जाणार ते शब्दशः लिहून काढा, एका पानात बसवा आणि ते पान पालकांच्या हातात द्या.

हे महाराष्ट्रात आधी घडून गेलंय. २००५ नंतर केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला. त्यातल्या चित्रांवरून ओरड झाली आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो बंद केला. तुमच्या शाळेतले पन्नाशीतले शिक्षक हा विषय निघाला की खुर्चीत मागं सरकतात, त्याचं एक कारण ते वर्ष आहे. २०२१ मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल एक पुस्तिका काढली होती. ती शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हे. तक्रारी झाल्या आणि ती संकेतस्थळावरून काढली गेली. पुस्तिका वाचून विरोध करणारे मला तरी फार भेटले नाहीत.

ग्रुपवरच्या व्हिडिओंबद्दलही दोन शब्द. त्यातला एक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा असावा. २०१९ मध्ये तिथल्या एका प्राथमिक शाळेसमोर पालक आठवडेच्या आठवडे उभे होते. शाळेने उपक्रम थांबवला, काही महिने पालकांशी बोलणं चाललं आणि मग बदललेल्या रूपात तो पुन्हा सुरू करायचं ठरलं. दुसरा वाद अमेरिकेतल्या मेरीलँडचा. लहान मुलांना वाचून दाखवायच्या गोष्टींच्या पुस्तकांवरून पालक कोर्टात गेले आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला: ते पाठ चालू असताना मूल वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा द्यावी. दोन्ही वाद पाच-दहा वर्षांच्या मुलांबद्दलचे आहेत. तुमचं सत्र तेरा ते सोळा वयाचं. पालकांना हे शांतपणे सांगा, व्हिडिओ टाकणाऱ्याची टर उडवू नका. तो माणूस घाबरलेला आहे आणि त्याच्याकडे तेवढीच माहिती आहे.

पानावर काय असावं? मी जे वापरते त्याचा गाभा देते. ‘मोठं होताना आपल्याला कुणाबद्दल तरी ओढ वाटू लागते. बहुतेकांना ती विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीबद्दल वाटते. काहींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल वाटते, काहींना दोन्हींबद्दल, काहींना फारशी वाटतच नाही. हा आजार नाही आणि गुन्हाही नाही. तुमच्या वयात मन गोंधळलेलं असू शकतं, स्वतःला घाईने कुठलंही नाव द्यायची गरज नाही. कुणालाही ‘तू तसा आहेस का’ असं विचारायचं नाही. चालण्यावरून, आवाजावरून, कपड्यांवरून कुणाला चिडवायचं नाही. ओढ वाटणं वेगळं आणि काही करणं वेगळं. १८ वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक कृती पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग मुलगा असो की मुलगी, दोघांची मर्जी असो वा नसो. कुणी तुम्हाला नको तसा स्पर्श केला तर चूक तुमची नाही, आम्हाला सांगा.’ एवढंच. चित्र नाही, व्हिडिओ नाही, कुणी पाहुणा येऊन आत्मकथा सांगणार नाही.

शेवटच्या मुद्द्यावर माझं मत जरा जुनाट वाटेल. स्वतः समलिंगी असलेल्या व्यक्तीने येऊन बोलणं कॉलेजात फार परिणामकारक होतं, मी पाहिलंय. पण पालकच तापलेले असताना शाळेत तसं करणं म्हणजे त्या व्यक्तीलाही बळीचा बकरा करणं. ते पुढच्या वर्षी बघा.

बैठक हॉलमध्ये, माइक लावून घेऊ नका. माइक दिसला की भाषण सुचतं. एकेका तुकडीच्या पालकांना वर्गात, बाकांवर बसवा. माता-पालकांची बैठक वेगळी घ्या, आणि विड्या जमा करून आया घरी परततात त्यानंतरची वेळ धरा, नाहीतर फक्त वडील आणि काका येतील. पान मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तेलुगूत, कन्नडमध्येही कुणाकडून तरी समजावून द्या. उर्दू माध्यमातल्या एखाद्या शिक्षिकेची मदत मिळाली तर उत्तम. मराठी न वाचणारी आई गप्प बसते, तेव्हा तिला पटलंय असं आपण धरून चालतो. घरी गेल्यावर तिला जाऊबाई सांगते तेच खरं ठरतं.

बैठकीत कोण काय म्हणेल याची मला बरीचशी कल्पना आहे.

पहिलं: ‘पोरं यानं बिघडतील, वळतील.’ याला माझं उत्तर साधं असतं. घरात आई-बाप, शेजारीपाजारी, सिनेमे, मालिका, लग्नाच्या वराती, सगळं एकाच प्रकारचं प्रेम दाखवतं. तरीही काही मुलं समलिंगी निघतात. बघून किंवा ऐकून कल लागत असता तर असं एकही मूल निघालं नसतं. अशा शिक्षणाने मुलं लवकर ‘भलत्या मार्गाला’ लागतात का, यावर जगभर अभ्यास झालेत. त्यांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत तसं होत नाही असंच म्हटलंय. डॉक्टरांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असं जाहीर केलं. हे सांगताना मात्र आवाज वकिलासारखा होऊ देऊ नका. पालक हरायला आलेले नसतात.

दुसरं: ‘ही परदेशी थेरं आपल्याकडं नको.’ इथं तुमच्या हातात चांगली गोष्ट आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मुंबईत लैंगिक आरोग्यावरचं मराठी मासिक चालवलं. वाचक त्यांना पत्रातून प्रश्न विचारत, त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलचेही असत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, ते खरं. पण नव्वद वर्षांपूर्वी हे प्रश्न मराठी माणसांनी मराठीत विचारले होते, एवढं तरी त्यातून कळतं. सोलापुरात तर यल्लम्मा देवीला वाहिलेला, साडी नेसणारा जोगत्या परडी घेऊन दारात आला की त्याच आया हळदी-कुंकू लावून पाया पडतात. हे उदाहरण देताना एक काळजी घ्या. जोगते किंवा तृतीयपंथी यांचा प्रश्न आपण स्वतःला पुरुष मानतो की स्त्री, याच्याशी जोडलेला आहे. ओढ कुणाबद्दल वाटते हा वेगळा प्रश्न. शिक्षक दोन्हींची खिचडी करतात आणि मग मुलं असं धरतात की समलिंगी मुलगा म्हणजे पुढं जाऊन साडी नेसणारच. पानात दोन्ही वेगळे ठेवा.

तिसरी हरकत मोठ्यानं कुणी बोलणार नाही, आणि तुमच्या भागात ती सगळ्यात वजनदार आहे. मुलीची शाळा. नववीतल्या मुलीच्या घरी ‘शाळेत असलं काही शिकवतात’ ही बातमी गेली, तर शाळा बदलत नाहीत, शाळा थांबते. तिला घरी विड्या वळायला बसवणं किंवा स्थळ बघणं यासाठी निमित्तच हवं असतं. म्हणून मी पुढं ढकला म्हणते. वीस मिनिटांच्या सत्रापायी चार मुलींचं शिक्षण जाणार असेल तर तो सौदा मला मान्य नाही. आणि म्हणूनच आयांची वेगळी बैठक. आईला पान पटलं तर ती घरात बाजू घेते, निदान गप्प तरी राहते. जिथं धोका दिसेल त्या घरी वर्गशिक्षिकेला पाठवा. आणि शिक्षण थांबवून लग्न लावायची हालचाल दिसली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच, तिथं संकोच नको.

चौथी, ‘दहावीचं वर्ष आहे’. बरं, दहावीला परीक्षेचं वेळापत्रक सांभाळून घ्या. पण दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा पाठ आहे, त्याच पुस्तकात सामाजिक आरोग्याचाही आहे. बहुतेक शाळांत पहिला ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. तो पाठ नीट शिकवायचं वचन त्याच बैठकीत दिलंत तर तुमचं वजन वाढेल.

आणि एक मुद्दा तुम्ही आपणहून मांडा, कारण सगळ्यात कडक विरोध करणारे बापही इथं थांबून ऐकतात. मुलग्यांवरचे अत्याचार. गल्लीतला मोठा मुलगा, नात्यातला माणूस, क्लासचा सर. मुलगा घरी सांगत नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला ‘तसला’ म्हणतील. कित्येकदा त्याला स्वतःलाच भीती असते की हे घडलं म्हणजे आपण तसे झालो. अत्याचाराने कल ठरत नाही. आणि समलिंगी असणं म्हणजे मुलांवर अत्याचार करणंही नव्हे. या दोन गोष्टी वर्गात स्पष्ट बोलल्याशिवाय मुलगे तोंड उघडत नाहीत. पॉक्सो कायदा मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो, हे आपल्याकडे कित्येक पालकांना माहीतच नसतं. ज्या शाळेत ‘बायल्या’ ही शिवी रोज चालते, तिथं अत्याचार झालेला मुलगा कुणाकडं जाईल? हा प्रश्न विचारा आणि जरा थांबा.

पालकांचं कुठं ऐकायचं? बऱ्याच ठिकाणी. आठवीला नको, नववीपासून म्हणतात, मान्य करा. मुलं-मुली वेगळी बसवा म्हणतात, बसवा. माझ्या मते चिडवण्याचा भाग एकत्र घेतलेला बरा, पण त्यावर भांडण्यात अर्थ नाही. बाहेरची संस्था नको, शाळेतलेच शिक्षक हवेत, हे तर मला मनापासून पटतं. स्लाइड घेऊन येणारी, पालकांना काहीच न दाखवता तासाभरात शाळा हलवून जाणारी मंडळी मीही पाहिलीत. त्यानंतरचे फोन मुख्याध्यापकांना घ्यावे लागतात, त्यांना नाही. एखाद्या पालकाला मूल या वीस मिनिटांना बसवायचंच नसेल तर लेखी चिठ्ठी घेऊन त्या मुलाला वाचनालयात बसू द्या. पान वाचल्यानंतर अशा चिठ्ठ्या फार येत नाहीत.

तीन गोष्टींवर मात्र हटू नका. चिडवण्याविरुद्धचा नियम सगळ्यांना लागू, चिठ्ठी दिलेल्या मुलालाही. ‘हा आजार आहे’ किंवा ‘हे पाप आहे’ असं शाळेच्या वतीने कुणीही बोलणार नाही. घरी, देवळात, मशिदीत कोण काय मानतं तो त्यांचा अधिकार, शाळेने त्यात पडू नये, आणि वर्गात कुणाच्या श्रद्धेची थट्टाही होऊ देऊ नये. आणि तिसरं, एखाद्या मुलाने विश्वासाने शिक्षकाला काही सांगितलं तर ते त्याच्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही.

हा तिसरा मुद्दा बैठकीत सगळ्यात जास्त पेटेल. ‘आमच्या लेकराचं आमच्यापासून लपवणार?’ हा आई-बापाचा प्रश्न खोटा नाही. मी त्यांना काय सांगते ते लिहिते. मुलाच्या जिवाला धोका असेल, तो स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर आम्ही त्याच दिवशी तुम्हाला सांगू. त्याच्यावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सोनुसार पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, तिथं गुप्तता नाही, आणि मुलांनाही हे आधीच सांगितलेलं असतं. पण ‘मला मैत्रिणीबद्दल काहीतरी वेगळं वाटतं’ एवढंच मुलगी बोलली, तर ते घरी कधी आणि कसं सांगायचं हे ती ठरवेल. तिला बळ देणं हे आमचं काम. यामागचं कारण मी सगळ्या पालकांसमोर नाही सांगत, तुम्हाला सांगते. वहीत एक चिठ्ठी सापडली म्हणून फोन काढून घेणं, मारहाण, बाहेरच्या बाबाकडे नेणं आणि महिन्याभरात साखरपुडा, हे मी पाहिलंय. प्रत्येक वेळी बातमी घरी पोचवणारा माणूस शाळेतलाच होता, आणि त्याचा हेतू चांगला होता.

असं मूल समोर आलं तर शिक्षकाने काय करायचं? फार काही नाही. ऐकायचं. ‘हे वय असतं, जाईल’ म्हणायचं नाही, आणि ‘म्हणजे तू नक्की समलिंगी’ असंही नाही. ‘मला सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं पुरतं. कुणी त्रास देतंय का, झोप-जेवण कसं आहे, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे विचारायचं. मदत लागली तर सरकारी रुग्णालयांतल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशन मोफत असतं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही. घरच्यांना आधीच कळलं असेल आणि ते ‘ट्रीटमेंट’ शोधत असतील तर एवढं सांगा: कल बदलून देतो म्हणणारा डॉक्टर त्याच्याच व्यवसायाच्या नियमांविरुद्ध वागतोय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. गोळ्या-इंजेक्शनवर पैसे घालवून परत आलेली कुटुंबं भेटतात. पोरगं होतं तसंच असतं, फक्त बोलायचं बंद झालेलं असतं.

आता स्टाफरूम. खरं तर सुरुवात तिथूनच करा, पालकांच्याही आधी. कवायतीच्या तासाला ‘काय बे, पोरींसारखं पळतोस?’ म्हणणारे सर तुमच्याकडेही असतील. ते वाईट नसतात. त्यांच्या लहानपणी त्यांनाही कुणीतरी असंच म्हटलेलं असतं. पण सत्रात शाळा आदर शिकवणार आणि मैदानावर शाळाच शिवी देणार, तर मुलांना कुठलं खरं वाटेल ते सांगायला नको. एका दुपारी सगळ्या शिक्षकांना घेऊन बसा आणि त्यांनी वर्गात ऐकलेल्या शिव्या फळ्यावर लिहायला सांगा. आधी हसतील. फळा भरत जातो तसं हसणं कमी होतं, कारण अर्ध्याअधिक शिव्या याच एका गोष्टीभोवतीच्या निघतात. विषय शाळेत आणायचा की नाही हा वाद त्यानंतर फारसा उरत नाही.

ज्या शिक्षकांचा मनातून विरोध आहे, त्यांना सत्र घ्यायला लावू नका. तोंडाने एक आणि चेहऱ्याने दुसरं सांगणारा शिक्षक मुलं लगेच ओळखतात. त्यांच्याकडून एवढंच घ्या की वर्गात चिडवाचिडवी झाली तर ते थांबवतील. याला नाही म्हणणारा शिक्षक मला क्वचितच भेटला. अगदी धार्मिक वृत्तीचे, या विषयाला उघड विरोध करणारे एक शिक्षक होते. नववीतल्या एका मुलाचा डबा रोज फेकला जायचा, तर ते मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून जेवायला लागले. डबा फेकणं दोन दिवसांत थांबलं. त्यांचं मत बदललं का, मी विचारलं नाही.

सत्राच्या दिवसाबद्दल थोडं. हात वर करायला कधीही सांगू नका. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, पण प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच असा नियम ठेवा. प्रश्न नसेल तर पाठ असलेल्या कवितेची ओळ लिहा. सगळ्यांची पेनं चालू असली की खरा प्रश्न कुणाचा ते शेजाऱ्यालाही कळत नाही. चिठ्ठ्या तिथंच उघडू नका. घरी न्या, अक्षर ओळखण्याचा मोह टाळा आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं द्या. अचकट प्रश्न येणारच, त्यातही निम्म्यांमागं खरी शंका असते. ‘दोन मुली एकत्र राहिल्या तर पोलीस पकडतात का’ असा प्रश्न आला की हसू नका. प्रौढ असतील तर नाही, असं सरळ उत्तर द्या. आणि त्यानंतरचा आठवडाभर शाळेची तक्रारपेटी रोज उघडा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीच्या बैठकीची तारीखही त्याच आठवड्यातली धरा, म्हणजे काही आलं तर कागदावर नोंद होईल.

राहिले संचालक. ते विचारतील, ‘एवढं कशाला अंगावर घ्यायचं?’ त्यांना तत्त्वाचं काही सांगू नका. ते पान द्या, बैठकांच्या तारखा द्या, पालकांनी सुचवलेले आणि तुम्ही मान्य केलेले बदल लिहून द्या, आणि उद्या शाळेत चिडवण्यावरून एखादं मूल जिवाला मुकलं तर संस्थेकडे दाखवायला काय असेल, एवढं विचारा. संस्थाचालकांना कागद कळतो. पानाच्या खाली पालक-शिक्षक संघाच्या दोन सदस्यांच्या सह्या घ्या, त्यातला एक विरोध करणाऱ्यांपैकी असू द्या. सही करायला तयार नसेल तर त्याला कुठलं वाक्य खटकतंय ते विचारा आणि पेन त्याच्या हातात द्या. बहुतेक वेळा एखादा शब्द बदलून मागतात. तो शब्द वरच्या तीन गोष्टींपैकी नसेल तर खुशाल बदला.